शाळेचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचाय, 'नो सिग्नल' येतंय

दुधनाकाठ (सोमवार, रात्री ८:५०)

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर मी शिक्षक आहे. गावानं लोकवर्गणी करून शाळेला ४३ इंची टीव्ही घेऊन दिला. ज्यांच्या घरी स्वतःचा टीव्ही नाही अशांनीही पैसे दिलेत, त्यामुळं तो भिंतीवर नुसता लटकून राहिलेला मला बघवत नाही.

शाळेत एक जुना कॉम्प्युटर आहे, तो चांगला चालतो. पाठीमागं मॉनिटरसाठी एकच तोंड आहे: निळं, १५ भोकांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं. टीव्हीला दोन एचडीएमआय, एक यूएसबी आणि अँटेनाचं भोक, एवढंच. परभणीहून एक वायर आणली, एका टोकाला निळी पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. दुकानदार म्हणाला, लावा, चालू होतंय. लावली, तर टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतो. टीव्हीवर एचडीएमआय १ निवडून झालं, २ निवडून झालं, कॉम्प्युटर बंद-चालू करून झाला. लेकरं रोज सकाळी विचारायलेत, सर, आज लागणार का?

माझा स्वतःचा लॅपटॉप दुसऱ्या एचडीएमआय वायरीनं लावून बघितला. चित्र आलं, पण चारी कडा कापल्या जातात. खालची स्टार्टची पट्टी दिसतच नाही. आवाजही लॅपटॉपमधूनच येतो. तो लॅपटॉप मला रोज शाळेत ठेवता येणार नाही, म्हणून कॉम्प्युटरच जोडायचाय.

वायर लावताना बोटाला जराशा झिणझिण्या आल्या होत्या. त्याचा संबंध नसेल, पण लिहून ठेवतो.

हळदमळा (सोमवार, रात्री ९:३५)

सर, मी वसमतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. तुमची वायर खराब नाही, टीव्हीही चांगला आहे. ती वायर या कामाची नाही.

निळं तोंड म्हणजे व्हीजीए. आयबीएमनं १९८७ साली पीएस/२ या कॉम्प्युटरांसोबत ते आणलं, तेव्हाच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी. त्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन तारा असतात. रंग जितका उजळ तितका त्या तारेवरचा दाब जास्त, साधारण ० ते ०.७ व्होल्टच्या मधे. बाकीच्या तारा ओळ कुठं संपली, पडदा कुठं संपला हे सांगणाऱ्या. आवाजाला त्यात जागाच नाही. एचडीएमआय २००२ साली आलं. त्याच्या १९ पिनांमधून तोच रंग आकड्यांच्या रूपात जातो, आणि सोबत आवाजही जातो. एका टोकाला कमी-जास्त होणारा दाब आणि दुसऱ्या टोकाला आकडे, मग नुसती पिनेला पिन जोडून टीव्हीला काय कळणार? मधे दुभाषा पाहिजे. तुमच्या वायरीत तो नाही, आत फक्त तांबं आहे. अशा वायरी बाजारात सर्रास विकल्या जातात आणि माणूस फसतो.

तुम्हाला 'व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर' लागेल. मागताना घोटाळा होतो तो असा: दुकानात बहुतेक वेळा उलटा मिळतो, एचडीएमआयचं व्हीजीए करणारा, कारण नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर लावायला तोच खपतो. दोन्ही दिसायला भावंडं. हातात घेऊन बघा. तुमच्या कामाच्या कन्व्हर्टरला व्हीजीएच्या बाजूला पिना असतात आणि एचडीएमआयच्या बाजूला भोक. उलट्याला एचडीएमआयची पिन आणि व्हीजीएची भोकं. शिवाय तुमच्या कन्व्हर्टरला यूएसबीचं एक शेपूट पाहिजेच, कारण व्हीजीएमधून त्याला चालायला पुरेशी वीज मिळत नाही. आवाजासाठी हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन किंवा तिच्यासाठी भोक असेल तर उत्तम. ती कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात लावायची, मग आवाज टीव्हीतून येतो.

पाठीमागच्या भागाचा फोटो टाकला तर अजून नेमकं सांगता येईल. काही कॉम्प्युटरांना व्हीजीएशेजारी पांढरं डीव्हीआय असतं. ते असेल तर काम आणखी सोपं, डीव्हीआय-डी मधून एचडीएमआयला साधी वायर चालते, कारण दोन्हीकडं आकडेच.

दुधनाकाठ (सोमवार, रात्री १०:०५)

डीव्हीआय नाही सर, नीट बघितलं. निळं एकच. भोक आणि पिन हे वहीत लिहून घेतलं. आभारी आहे.

मांजराकाठची (मंगळवार, सकाळी ६:२०)

सर, कडा कापल्या जाण्याचं मी सांगते, कारण दोन महिने मी तेच भोगलंय. लेक लातूरला नीटची तयारी करते. डोळ्यांवर ताण नको म्हणून लॅपटॉप टीव्हीला लावून दिला, तर पीडीएफमधल्या प्रत्येक पानाची शेवटची ओळ चौकटीखाली जायची. प्रश्नाचे अ, ब, क हे पर्याय दिसायचे आणि ड नाही. पोरगी वाकून लॅपटॉपवर ड वाचायची आणि पुन्हा वर बघायची. मला वाटलं लॅपटॉपचीच चूक. ती नव्हती.

जुन्या काचेच्या टीव्हीत कडेला चित्र वाकडंतिकडं यायचं, म्हणून टीव्ही मुद्दाम चित्र थोडं फुगवून कडा चौकटीआड ढकलायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. पडदे सपाट झाले तरी ती सवय टीव्हीत राहिली. उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे, लॅपटॉपमध्ये नाही. पिक्चरच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार शोधा. एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल' अशी नावं दिसतात. इतर टीव्हींत १६:९ च्या आसपास तसंच काही सापडेल. ते निवडलं की ड परत येतो.

त्यानंतर शार्पनेस शून्याकडं आणा. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. बाहेरून येताना टीव्हीचा शार्पनेस वाढवलेला असतो, सिनेमा ठसठशीत दिसावा म्हणून. अक्षरांना त्यानं पांढरी किनार येते. इंग्रजी कसंबसं वाचता येतं, पण मराठीत शिरोरेघेवरची वेलांटी आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. 'दिन' आणि 'दीन' मागच्या खाटेवरून सारखेच दिसायचे. तुमच्या तर लेकरांना वाचायला शिकायचंय. काही टीव्हींत एचडीएमआयच्या त्या इनपुटला 'पीसी' नाव दिलं की टीव्ही चित्राशी खेळणं आपोआप थांबवतो, तेही करून बघा.

आवाजासाठी लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यातलं स्पीकरचं चिन्ह दाबायचं आणि यादीतून टीव्हीचं नाव निवडायचं. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडं तेच, पडदा वाढवणे, फक्त टीव्ही. आम्ही फक्त टीव्ही ठेवतो. दोन्हीकडं तेच ठेवलं की बऱ्याचदा लॅपटॉपच्या पडद्याच्या मापानं चित्र जातं आणि टीव्हीवर भुरकट दिसतं.

बिंदुसरा (मंगळवार, दुपारी १:१५)

सर, राम राम. मी बीडकडचा वायरमन. तुम्ही शेवटच्या ओळीत संबंध नसेल म्हणून जे लिहिलं, तेच सगळ्यात मोठं आहे. कन्व्हर्टर नंतर आणा. आधी अर्थिंग बघा.

कॉम्प्युटरच्या वीज देणाऱ्या डब्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला (म्हणजे बाहेरच्या लोखंडी डब्याला), एक न्यूट्रलकडून बॉडीला. लाईनीतला कचरा जमिनीत काढून द्यायला ते ठेवलेले असतात. पण जमिनीकडं जायची वाटच नसली, म्हणजे तिसरी पिन नावालाच असली, तर ती बॉडी २३० च्या निम्म्यावर, ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट एकदम बारीक, म्हणून माणसाला झटका नाही, झिणझिण्या. लॅपटॉपच्या आणि टीव्हीच्या चार्जर-सप्लायमध्येही असाच प्रकार असतो. माणसाला बारीक वाटणारं हे एचडीएमआयच्या आतल्या चिपला बारीक नसतं. एकीकडची बॉडी तरंगतीय, दुसरीकडं डिशची किंवा केबलची वायर भिंतीवरून जमिनीला टेकलीय, आणि तुम्ही दोन्ही चालू असताना मधे पिन घातली, तर सगळा फरक त्या पिनेतून पळतो. मी असे टीव्ही बघितलेत. चित्र-आवाज सगळं ठीक, फक्त एचडीएमआय १ कायमचं मेलेलं. लोक म्हणतात वायर गेली, आणि वायरीवर वायरी आणतात.

म्हणून कॉम्प्युटर, टीव्ही, दोन्हींचे प्लग बोर्डातून काढा, मग वायर जोडा, मग प्लग लावा. नुसतं बटण बंद करू नका, कारण आपल्याकडं कितीतरी बोर्डांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि फेज तशीच पुढं जाते.

अर्थिंग तपासायला गावातल्या वायरमनला बोलवा, स्वतः करू नका. तो मीटरनं फेज आणि अर्थ बघेल. ते फेज-न्यूट्रलच्या जवळपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. त्याला म्हणावं, मीटरवर न थांबता लोडवरही बघ. मीटर बारीक करंटवर चालतो, कोरड्या मातीतूनसुद्धा आकडा दाखवतो, आणि खरं काम पडलं की ती माती हात वर करते.

आपल्या काळ्या मातीचा एक गुण आहे. पावसाळ्यात चिकट, ओली, अर्थिंगला सोन्यासारखी. मार्चनंतर भेगा पडतात आणि माती अर्थिंगच्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपापासून सुटते. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकलेला असला तरी मीठ ओलाव्यातच काम करतं, कोरडं मीठ काही कामाचं नाही. म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी नळी ठेवतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. शाळेत ते कोणी ओततं का, ते विचारा. आणि लेकरांचा वावर आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारं बटण) बसवून घ्या.

दुधनाकाठ (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

अण्णा, तुमचं वाचलं आणि मधल्या सुट्टीत गावातल्या वायरमनला बोलावलं. जे बघितलं ते लिहितो.

भिंतीतल्या सॉकेटला तीन भोकं आहेत. टीव्ही आणि कॉम्प्युटर मात्र ज्या एक्स्टेंशन बोर्डावर होते, त्याच्या वायरीला दोनच तारा निघाल्या. बोर्ड उघडला तर आत तिन्ही सॉकेटांच्या अर्थच्या पट्ट्या एकमेकींना हिरव्या तारेनं जोडलेल्या, व्यवस्थित, आणि ती हिरवी तार पुढं वीतभर येऊन दुमडून कोपऱ्यात चेपलेली. टोकाला टेपही लावलेला. ज्यानं बोर्ड बनवला त्याच्याकडं तीन तारांची वायर नसणार. कॉम्प्युटरच्या प्लगची जाड पिन कोणीतरी आधीच मोडून टाकलेली, दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून. वर्षभर लेकरं त्या डब्याला हात लावत होती. मी रात्री झोपताना तेच आठवत बसणार आहे.

खड्डा किचनशेडच्या मागं सापडला. वर सिमेंटचं झाकण, त्यावर सरपण रचलेलं. नळीत काडी घालून बघितली, कोरडी ठणठणीत.

उद्या तीन तारांची नवी वायर, नवा प्लग आणि नवा बोर्ड येतोय. तोपर्यंत वर्गातला कॉम्प्युटर बंद.

बिंदुसरा (मंगळवार, सायंकाळी ७:०२)

सर, सापडलं ना, झालं. वायर १.५ स्क्वेअर एमएमची घ्या. खड्ड्यात आज चार-पाच बादल्या जिरू द्या, उद्या पुन्हा. मग मीटर लावा. आणि वळवाचा पाऊस दिसला की प्लगसोबत डिशची वायरही टीव्हीतून काढायची. वीज आसपास पडली तर ती त्या वायरीतूनही आत येते, त्याला अर्थिंग पुरत नाही.

औंढ्याहून (मंगळवार, रात्री ८:३०)

एवढं वायरींचं कशाला सर? स्मार्ट टीव्ही असेल तर बिनवायरीचं होतं ना? आमच्याकडं मोबाईलचं चित्र असंच दाखवतो.

हळदमळा (मंगळवार, रात्री ९:१०)

दादा, लॅपटॉप असता तर झालं असतं. विंडोज १० मध्ये विंडोजचं बटण आणि के दाबलं की जवळचे टीव्ही दिसतात. ते मिराकास्ट. त्याला इंटरनेट लागत नाही, लॅपटॉप आणि टीव्ही थेट बोलतात. पण सरांच्या जुन्या डब्यात वायफायच नाही. आणि बिनवायरीत माऊस हलवला की बाण क्षणभर मागून येतो. मोठ्या माणसाला चालतं. पहिल्यांदा माऊस धरणारं लेकरू मात्र गोंधळतं, ते पुन्हा-पुन्हा दाबत बसतं.

नुसते व्हिडिओ दाखवायचे असतील तर कॉम्प्युटरचीही गरज नाही, पेन ड्राईव्हवर एमपी४ टाकून टीव्हीच्या यूएसबीत लावा. पेन ड्राईव्ह एफएटी३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दुधनाकाठ (मंगळवार, रात्री ९:२५)

व्हिडिओ आहेतच सर, पण मला बालभारतीच्या पुस्तकाचं पान मोठं करून दाखवायचंय आणि लेकरांकडून मराठी टाईप करून घ्यायचंय. 'क' दाबला की पडद्यावर हातभर 'क' उमटला पाहिजे. म्हणून कॉम्प्युटर.

गोदातीर_नांदेड (बुधवार, सकाळी १०:४५)

विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. नव्या लॅपटॉपला एचडीएमआय नाही, दोन टाइप-सी आहेत. टाइप-सीचं एचडीएमआय करणारं आणलं. एका तोंडात चालतं, दुसऱ्यात नाही. मोबाईलला लावलं तर काहीच नाही. कामून असं?

हळदमळा (बुधवार, दुपारी १२:००)

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार. त्यातून चित्र निघेल का, हे आत काय जोडलंय त्यावर. तोंडाशेजारी इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंतल्यासारखं चिन्ह किंवा विजेचा बाण असेल तर त्यातून चित्र निघतं. बाण कधी नुसत्या चार्जिंगचाही असतो, म्हणून लॅपटॉपचं माहितीपत्रक बघा. चालत नाही त्या तोंडातून नुसता डेटा किंवा चार्जिंग जात असणार. स्वस्त मोबाईलमध्ये बहुतेक ते चित्राचं नसतंच, तिथं कुठलंही जोडतोंड आणा, उपयोग नाही. मोबाईलसाठी बिनवायरीचं बघा.

मोसंबीबाग (बुधवार, दुपारी २:२०)

जालन्याहून. माझ्याही कॉम्प्युटरला नो सिग्नल यायचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं होतं आणि मी वायर वरच्या मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावत होतो. खाली आडव्या पट्टीतल्या कार्डाच्या तोंडाला लावली, लगेच चित्र. कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

दुधनाकाठ (शुक्रवार, सायंकाळी ५:३०)

नवा बोर्ड बसला. न्यूट्रल ते अर्थ आता २ व्होल्ट. डब्याला हात लावला, मागून, पुढून, कोपऱ्यांना. काही नाही.

कन्व्हर्टर आणला. दुकानात पहिल्यांदा उलटाच काढून दिला. पिना आणि भोक बघून परत केला, मग दुसरा मिळाला. सगळे प्लग काढून जोडणी केली. चालू केल्यावर टीव्हीवर 'नॉट सपोर्टेड' आलं. आता काय?

हळदमळा (शुक्रवार, सायंकाळी ५:५०)

'नो सिग्नल' जाऊन 'नॉट सपोर्टेड' आलं म्हणजे दुभाषा बोलायला लागलाय, फक्त टीव्हीला ते माप पसंत नाही. जुना मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल, कॉम्प्युटर तेच माप पाठवतोय. जुना मॉनिटर परत लावा, डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ करा. हे माप जवळपास प्रत्येक टीव्ही घेतो. मग बंद करून कन्व्हर्टर लावा. चित्र आलं की तिथूनच १९२० बाय १०८० करा.

दुधनाकाठ (शनिवार, दुपारी १२:४०)

आलं! १९२० बाय १०८० वर आलं.

आधी चित्र पाण्यावर पडल्यासारखं हलत होतं, मधेच काळंही व्हायचं. कन्व्हर्टरचं यूएसबीचं शेपूट मी पुढच्या यूएसबीत लावलं होतं, ते काढून मागच्या बाजूला लावलं आणि थांबलं. पुढच्या यूएसबीपर्यंत वीज पुरेशी पोचत नसावी. ताई, शार्पनेस ५० वर होता, ० केला. मी सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि चौथीच्या पुस्तकातलं पान वाचलं. वेलांटी वेलांटीसारखी दिसते. हिरव्या भोकातून आवाजही टीव्हीत गेला.

एक अडचण राहिली. निळं तोंड एकच, ते टीव्हीला गेलं, म्हणून टेबलावरच्या मॉनिटरला काहीच नाही. मला शिकवताना पाठ फिरवून भिंतीकडं बघावं लागतं.

हळदमळा (शनिवार, दुपारी १:०५)

व्हीजीए स्प्लिटर मिळतो, एका तोंडाची दोन करणारा. नुसती वाय आकाराची वायर घेऊ नका, चित्र फिकट पडतं. स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. एक तोंड मॉनिटरला, दुसरं कन्व्हर्टरला. फक्त मग दोन्ही पडद्यांना एकच माप चालवावं लागेल, आणि तुमचा जुना मॉनिटर १०८० घेणार नाही. टीव्हीवरचं अक्षर थोडं मऊ होईल.

मांजराकाठची (शनिवार, दुपारी २:३०)

सर, वाचून फार बरं वाटलं. अक्षर मऊ होऊ देऊ नका हो, एवढी खटपट करून आणलंय ते.

दुधनाकाठ (सोमवार, सायंकाळी ५:१०)

स्प्लिटर नाही आणला. टेबलच फिरवलं. एचडीएमआय वायर पाच मीटरची होती, ती कन्व्हर्टरपासून भिंतीच्या कडेनं पट्टीखालून नेली. डबा खिडकीखाली, आणि कीबोर्ड-माऊस लेकरांच्या दुसऱ्या रांगेत. मीही तिथंच सतरंजीवर बसतो, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं. आज तिसरीतल्या एका पोरीनं स्वतःचं नाव टाईप केलं. जोडाक्षर जमत नव्हतं, मागच्या रांगेतून तिघं-चौघं ओरडून सांगत होती, आधी अर्धा 'श' कर, मग 'व' दाब. शाळा भरायच्या आधी मी खड्ड्याला दोन बादल्या घालून आलो होतो. सरपण पलीकडं हलवलंय.